बुधीने नाकारलेले पाणी

शेलू येथील निर्मलधारा गृहसंकुलात, बी विंगच्या चौथ्या मजल्यावर, ४०३ क्रमांकाच्या सदनिकेत, बुधी नावाच्या मांजरीने मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नळाचे पाणी पिण्यास नकार दिला. त्या वेळी तिच्यावर कोणाचाही दबाव नव्हता.

साक्षीदार एकच, आनंदीबाई. वय अडुसष्ट, मूळ गाव कोंडाणे, गेली तीन वर्षे मुलगा किरण आणि सून सुप्रिया यांच्याकडे मुक्काम. गावाहून येताना त्यांनी दोनच वस्तू आणल्या होत्या : एक पितळी तांब्या, आणि कोंबड्यांच्या डालग्यात घालून बुधी. डालग्याला वरून ओढणी बांधलेली होती, आणि शेलूपर्यंत ती ओढणी शिव्या देत होती.

बुधीची पाणी पिण्याची तऱ्हा पहिल्यापासून वेगळी. वाटीतले पाणी तिच्या मते पाय बुडवून पाहण्यासाठी असते. ती पहाटे बेसिनवर चढून बसे. आनंदीबाईंनी नळ वातीएवढा सोडायचा. मग ही मान वाकडी करून, डोळे मिटून, जिभेने धार तोडत पाच मिनिटे पिणार, त्यातले निम्मे स्वतःच्या कानात घालणार. नळ लवकर बंद केला, तर आधी नळाकडे आणि मग आनंदीबाईंकडे पाहणार. कचेरीतली खिडकी तोंडावर बंद झाल्यावर रांगेतला पहिला माणूस पाहतो, तशी.

मंगळवारी ती नेहमीप्रमाणे चढली. धार सुटली. बुधीने नाक पुढे केले, मिशा मागे घेतल्या, उजवा पंजा चिखलात पडल्यासारखा झटकला आणि खाली उतरून गेली.

आनंदीबाईंनी नळ बंद केला. घरात कोणाला न सांगता त्यांनी स्वतःचा तांब्याही पालथा घातला.

त्याला कारण होते. कोंडाण्याला डोंगराच्या पायथ्याशी झरा आहे. तिथली रीत अशी, की पाण्याला गेले की आधी गुरे पुढे सोडायची. गुराने तोंड लावले तर घागर बुडवायची. गुराने मान फिरवली तर घागर पालथी डोक्यावर घेऊन घरी यायचे आणि कोणाला काही विचारायचे नाही. या पद्धतीला कोणाचे प्रमाणपत्र नव्हते. एवढेच की गावात तिच्यामुळे बरीच माणसे म्हातारी झाली होती.

"किरण, पानी बिघाडलंय रं," त्या चहाच्या वेळी म्हणाल्या.

"आये, आपण नळाचं पितो कुठं? आपलं जारचं असतंय."

इथे जारविषयी सांगणे भाग आहे. संकुलाच्या जाहिरातीत डोंगराचे रंगीत चित्र होते आणि खाली लिहिले होते : 'नळ उघडा, सह्याद्री प्या'. पहिल्याच सर्वसाधारण सभेने टाकीचे पाणी उत्कृष्ट असल्याचा ठराव एकमताने मंजूर केला. त्याच आठवड्यापासून प्रत्येक घरात वीस लिटरचा जार येऊ लागला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता.

जार ओट्याखाली ठेवायचा, पुढे पडदा, वर टॉवेल. पाहुणे आले की यजमानाने स्वयंपाकघरात जाऊन बेसिनचा नळ जोरात सोडायचा, त्या आवाजात जारमधून ग्लास भरायचा, नळ बंद करायचा आणि बाहेर येऊन म्हणायचे, "आमच्याकडे डायरेक्ट नळाचं!" पाहुणे पाणी पीत आणि जाताना सी विंगमध्ये काही शिल्लक आहे का, याची चौकशी करत. दोनशे घरे होती. दोनशे घरांत दोनशे जार होते. आणि संकुलात एकही जार नव्हता.

बुधीपुढे जारचे पाणी ठेवले. बुधीने पंजा झटकला.

"बघ," आनंदीबाई म्हणाल्या.

"आई, तिला भांडं आवडलं नसेल," सुप्रिया म्हणाली. तिने मोबाइलवर वाचून काढले होते. मांजरांना खाण्याशेजारचे पाणी आवडत नाही, म्हणून भांडे हॉलमध्ये गेले. मांजरांच्या मिशा काठाला लागलेल्या खपत नाहीत, म्हणून परात आली. मांजरांना वाहते पाणी आवडते, म्हणून बॅटरीवर चालणारे कारंजे मागवले. त्या कारंज्याच्या निळ्या दिव्याला बुधी घाबरली आणि किरणच्या ऑफिसच्या बॅगेत जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत घरात पाण्याची अकरा भांडी झाली होती. त्यांत किरणचा पाय तीनदा पडला. बुधीची जीभ एकदाही पडली नाही.

बुधवारी ती दिसेनाशी झाली.

आनंदीबाईंनी पलंगाखाली पाहिले, कपाटात पाहिले, वॉशिंग मशीनचे झाकण उघडून पाहिले. मग खिडकीत गेल्या. बाहेर, वीतभर रुंद छज्ज्यावरून, चार मजल्यांच्या उंचीवर, बुधी शेजारच्या ४०४च्या खिडकीपर्यंत गेली होती. तिथे श्रद्धाच्या एसीची नळी होती. नळीतून थेंब पडत होता. मांजर प्रत्येक थेंब हवेतच जिभेवर झेलत होती आणि खाली बसवायला आणलेल्या फरशांचा ढीग होता.

आनंदीबाईंनी हाक मारली नाही. हाक मारली तर ती वळेल, वळायला तिथे जागा नव्हती. ती पोटभर पिऊन, शेपटी सरळ धरून, मागे मागे सरकत परत येईपर्यंत त्या खिडकीच्या गजाला धरून उभ्या राहिल्या. ती आत आल्यावर त्यांनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग बराच वेळ तिला सोडलीच नाही.

गुरुवारी किरणने रजा टाकून खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या. बाल्कनीला जाळी, संडासाच्या झरोक्याला जाळी, कमोडला झाकण आणि झाकणावर वीट. फिनेलची बादली उचलली, मनीप्लँटची बाटली उचलली. बुधी आता पूर्णपणे सुरक्षित झाली. फक्त तिला प्यायला पाणी नव्हते.

मग आनंदीबाईंनी पितळी तांब्या उचलला आणि ४०४ची बेल वाजवली.

"श्रद्धा, तुज्या एशीचं पानी देतीस का गं? रोज तांब्याभर."

"एसीचं? कशाला आजी, झाडांना?"

"नाय गं. बुधीला. ती टाकीचं पीत नाय."

श्रद्धा चांगली मुलगी होती. तिने तांब्या भरून दिला आणि दार लावल्यावर एकाच मैत्रिणीला सांगितले. दुपारी चारपर्यंत 'निर्मलधारा परिवार' या ग्रुपवर प्रश्न आला : *बी-४०३ची मांजर टाकीचे पाणी पीत नाही हे खरे का?* त्याखाली हात जोडल्याची सत्तावीस चिन्हे होती. ती कोणाला आणि कशासाठी जोडली होती, हे स्पष्ट नव्हते.

सहा वाजता सेक्रेटरी आले.

सेक्रेटरी किशोर ऐनकर हे मूळचे खालापूर तालुक्यातले. संकुलात कोणाच्याही घरी ते चपला काढून, पण काखेतली फाइल न काढता शिरत. ते सोफ्यावर बसले. बुधी समोरच्या टीव्हीवर बसली. किरणने सवयीने आत जाऊन नळ जोरात सोडला आणि ग्लास भरून आणला. सेक्रेटरी तो आवाज संपेपर्यंत छताकडे पाहत राहिले. त्यांनी ग्लास घेतला, पण टेबलावर ठेवला.

"काकू, प्रश्न मांजरीचा नाही. मला स्वतःला प्राणी आवडतात. प्रश्न संदेशाचा आहे. रविवारी सी विंगची पार्टी फ्लॅट बघायला येणार आहे, तीस कुटुंबं. त्यांच्या कानावर काय जाणार? मांजरसुद्धा पीत नाही म्हणून?"

"अरं, मग टाकीचं झाकान उघडून बघ ना एकदा. पाखरूबिखरू पडलं असंल."

सेक्रेटरींनी डोळे मिटले. "काकू, टाकी साफ केल्याचं प्रमाणपत्र लॉबीत लावलंय. लॅमिनेट केलेलं. त्याची मुदत मार्चपर्यंत आहे. आज ऑक्टोबर. मुदत संपायच्या आत झाकण उघडलं, तर त्याचा अर्थ काय होतो? कमिटीचा स्वतःच्या प्रमाणपत्रावर विश्वास नाही."

"पर पानी तर टाकीत हाय, परमानपत्र लॉबीत हाय."

"म्हणूनच ते सुरक्षित आहे," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी फाइल उघडली.

सूचना (बी-४०३ साठी)
विषय : पाळीव मांजरीचे संकुलाच्या पाण्याबाबतचे वर्तन.
*१) सदर मांजर संकुलाचे पाणी पिण्यास सर्वांसमक्ष टाळाटाळ करीत असल्याचे निदर्शनास आले आहे.*
*२) जो प्राणी संकुलाचे पाणी पीत नाही, तो संकुलाचा रहिवासी आहे असे मानता येणार नाही.*
*३) सदर मांजरीने रविवारी सकाळी ११ वाजता क्लबहाऊसमध्ये कमिटीसमोर पाणी पिऊन दाखवावे. अन्यथा तिचे त्याच दिवशी संकुलाबाहेर स्थलांतर करण्यात येईल.*
*४) तोपर्यंत तिला बाहेरून आणलेले, टपकलेले अथवा शेजाऱ्याच्या यंत्रातून निघालेले पाणी पाजू नये.*
*५) मांजरीच्या प्रकृतीचा दाखला (प्रपत्र म-१) सोबत जोडावा.*

"स्थलांतर मंजे कुठं?" आनंदीबाईंनी विचारले.

"चौक गावाजवळ हायवेवर ढाबे आहेत. तिथं मांजरांची चांगली सोय होते."

आनंदीबाईंच्या डोळ्यांसमोर हायवे आला. ट्रक आले. त्यांनी बुधीकडे पाहिले. बुधी सेक्रेटरींसमोरच्या, न प्यालेल्या ग्लासाकडे पाहत होती. सेक्रेटरीही त्याच ग्लासाकडे पाहत होते. दोघांनीही तोंड लावले नाही, पण सूचना एकीलाच मिळाली.

शुक्रवारी श्रद्धाचा एसी बंद झाला. "कमिटीचा मेसेज आला आजी," दाराच्या फटीतून ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून घाम वाहत होता. "सॉरी हं."

शनिवारी बुधीचे अंग कोरडे पडू लागले. आनंदीबाईंनी तिला डालग्यात घातले आणि किरणला घेऊन कर्जतच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी तिच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी सावकाश खाली बसली.

"पाणी कमी पडतंय. आजार काही नाही. कातडीखाली सलाईन देतो, दोन दिवस निभतील. काय पाजता?"

किरणने सोबत आणलेली बाटली दिली. डॉक्टरांनी झाकण काढून ती नाकाशी नेली, झाकण परत लावले आणि बाटली शांतपणे टेबलाच्या अगदी दुसऱ्या टोकाला ठेवली.

"मांजर ठीक आहे. पाण्याकडं बघा."

"असं लिहून द्या ना डॉक्टर," किरण म्हणाला.

डॉक्टरांनी प्रपत्र म-१ मागून-पुढून पाहिले. त्यात दोनच चौकोन होते. *मांजर आजारी आहे. मांजर निरोगी आहे.* 'पाणी' असा चौकोन नव्हता. डॉक्टरांनी निरोगीवर खूण केली आणि समासात बारीक अक्षरांत 'टाकी तपासावी' असे लिहिले.

सेक्रेटरींनी संध्याकाळी दाखला वाचला. समास फाइलला भोके पाडताना गेला.

"निरोगी आहे," ते गंभीर होऊन म्हणाले. "हे वाईट झालं. आजारी असती तर कमिटीनं सहानुभूतीनं विचार केला असता. निरोगी असून पीत नाही, म्हणजे हेतुपुरस्सर आहे."

रविवारी क्लबहाऊसमध्ये शंभरेक माणसे जमली. सी विंगची तीस कुटुंबे बारा वाजता येणार होती. त्यापूर्वी प्रकरण निकाली काढायचे ठरले होते. मध्यभागी टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर स्टीलचे पातेले. सेक्रेटरींनी पातेले स्वतःच्या घरून भरून आणले होते. त्यांच्या चेहऱ्यावर पूर्ण खात्री होती.

"आये, ती आता पिईल," किरण कुजबुजला. "दोन दिवसांची तहानलेली हाय. तहानलेला जीव काय बी पितो."

"मानूस पितो," आनंदीबाई म्हणाल्या.

त्यांनी डालग्याची ओढणी सोडली. बुधी बाहेर आली. चालताना तिचे मागचे पाय जरा लटपटत होते. आनंदीबाईंच्या मनात त्या क्षणी दोन इच्छा होत्या आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध होत्या. एक, तिने प्यावे आणि हायवेवर जाऊ नये. दुसरी, तिने पिऊ नये. बुधी पातेल्याशी आली. नाक पुढे केले. मिशा मागे घेतल्या.

बुधीने उजवा पंजा झटकला.

"अशक्य आहे!" सेक्रेटरी उभे राहिले. "हे तर जारचं आहे!"

*[इतिवृत्तात या वाक्याची नोंद घेऊ नये, असे ठरले.]*

"कसला जार?" मागून कोणीतरी विचारले.

"जार म्हणजे... एखादा. पाहुण्यांसाठी."

"तुमच्याकडे जार आहे?"

"तुमच्याकडे नाही?"

"आमच्याकडे आहे, पण तो आमच्या आजोबांसाठी."

"आमचा गणपतीपासून. तात्पुरता."

"पण मग जारचं पाणीसुद्धा मांजर का पीत नाही? तुमचा जार कोणाचा?"

"मोरूचा."

"आमचाही मोरूचाच."

"मोरूचाच," असे शंभर जण एकदम म्हणाले. संकुलाच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळे खरे बोलले होते, म्हणून आवाज जरा घोगरा निघाला.

चौकचा मोरू, पन्नाशीचा, जाड मिशांचा माणूस, गेटवरच टेंपो घेऊन उभा होता. टेंपोवर जार होते आणि जारांवर, रहिवाशांच्या विनंतीवरून, पोत्याचे आच्छादन. त्याला आत बोलावले.

"मोरू," सेक्रेटरींनी विचारले, "पाणी कुठून भरतोस?"

"इतनंच की, साहेब."

"इथून म्हणजे?"

"तुमच्या बागंच्या नळाला. सकाळी लावतो पाइप, दोन तासात गाडी भरती. दुपारी वर नेतो." एवढी माणसे आपल्याकडे का पाहत आहेत, हे मोरूला कळेना. "पैल्या वर्साला चौकवरनं आनीत व्हतो. तुमीच पैल्या मिटिंगमदी ठराव केला व्हता ना, आपल्या टाकीचं पानी लय भारी म्हनून? त्यो लॉबीत लावलेला मी मंग वाचला. म्हनलं, एवढ्या शिकलेल्या मान्सांना बाह्येरचं पानी कशापायी पाजायचं?"

ठरावावर सगळ्यांच्याच सह्या होत्या.

आनंदीबाई बुधीला उचलून पोटाशी धरून उभ्या होत्या. "झालं का समाधान?" त्या म्हणाल्या. "आता तरी चावी घ्या नि झाकान उघडा. मी येते वर तुमच्यासंगं."

काही जण खरेच उठले. चार पावले दारापर्यंतही गेली. तेवढ्यात सेक्रेटरींनी हात वर केला.

"एक मिनिट. आपण विचार करू. झाकण उघडलं आणि आत काही नसलं, तर आपण एका मांजरीच्या सांगण्यावरून उघडलं, असं होईल. आणि समजा, आत काही असलं." ते थांबले. "तर ते आपण सगळे मंगळवारपासून प्यालो, असं रेकॉर्डवर येईल. आपली मुलं प्याली. आपले पाहुणे प्याले. आज झाकण उघडलं नाही, तर आपण काहीही प्यालेलो नाही."

दारापर्यंत गेलेली पावले परत आली. ज्यांच्या पोटातून गेले पाच दिवस कसलेसे आवाज येत होते, त्यांनी तिथे हात ठेवला.

ठराव क्र. १ : *टाकीचे पाणी उत्कृष्ट असल्याचे ही सभा पुनश्च जाहीर करते. प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत झाकण उघडू नये. चावी सुरक्षित ठिकाणी ठेवावी व ते ठिकाण कोणाला सांगू नये.*

ठराव क्र. २ : *बी-४०३ची मांजर, कु. बुधी, हिचे आजच स्थलांतर करावे.*

"हात वर करा," सेक्रेटरी म्हणाले.

हात वर झाले. आनंदीबाई मोजत नव्हत्या. त्या एकाच हाताकडे पाहत होत्या. तो आधी मांडीवर होता, मग कानामागे खाजवायला गेला, आणि तिथून, जणू वर जायचे नव्हते पण वाटेत आहे म्हणून, वर गेला. किरणचा.

"दोनशे घरांचा प्रश्न हाय, आये," तो आईकडे न पाहता म्हणाला. "आपन एकटंच कसं..."

"तू तीन वर्साचा व्हतास," आनंदीबाई म्हणाल्या, "तवा झऱ्यावर तहान तहान करून रडायचास. तरी मी पैलं गाईला पाजलं, मंग तुला. त्या गाईनं हात वर केला नाय कंदी. निस्तं पानी प्यायली."

त्यांनी ओढणी बांधली. दुसऱ्या हातात पितळी तांब्या घेतला. "ढाब्यावर नाय जायची ती," त्या सेक्रेटरींना म्हणाल्या. "मी नेते. कोंडाण्याला माजी खोली हाय. मोरू, गाडी घेतोस का?"

मोरूने भरलेले जार उतरवले. किरण मागच्या फळीवर चढून बसला. कोणी त्याला बोलावले नव्हते, कोणी उतरवलेही नाही. बारा वाजता टेंपो गेटमधून बाहेर पडला तेव्हा सी विंगची तीस कुटुंबे आत शिरत होती, आणि बी विंगमधल्या खिडक्या-खिडक्यांतून नळ जोरात सोडल्याचा आवाज येत होता.

झऱ्यावर ऊन होते. आनंदीबाईंनी डालगे काठावर ठेवून उघडले. बुधी वासरासारखी अडखळत उतरली, नाक पुढे केले, मिशा जिथल्या तिथे राहू दिल्या आणि वाहत्या धारेला मान वाकडी करून, डोळे मिटून पिऊ लागली. निम्मे कानात गेले. आनंदीबाई तिचे होईपर्यंत थांबल्या. मग तांब्या बुडवला आणि एका दमात रिकामा केला. मंगळवारपासून त्या बाजारातल्या शहाळ्यांवर आणि काकड्यांवर होत्या. कोणाच्या ते लक्षात आले नव्हते.

किरणने आधी आजूबाजूला पाहिले. ओळखीचे कोणी नाही अशी खात्री झाल्यावर तो ओणवा झाला आणि गुरासारखा, तोंड लावून प्याला. मग टेंपोतला एक रिकामा जार काढून भरला. भरून झाल्यावर त्याने खिशातून रुमाल काढला आणि जारवर पसरला.

"इथं तरी नको झाकूस रं," आनंदीबाई म्हणाल्या.

आज या गोष्टीला चार महिने झाले. सी विंग पूर्ण भरली आहे. टाकीचे झाकण अजून बंद आहे. कोंडाण्याच्या लेण्यांविषयी मात्र निर्मलधारा संकुलात अचानक मोठी आवड निर्माण झाली आहे. दर रविवारी चाळीस-पन्नास कुटुंबे प्राचीन कला पाहायला येतात. डिकीत रिकामे जार असतात. लेण्यांपर्यंत कोणी चढत नाही. सगळे झऱ्यावर, एकमेकांना न ओळखता, रांगेत उभे राहतात आणि बुधीची वाट पाहतात. ती उन्हात अंग चाटून, जांभई देऊन, मनाला येईल तेव्हा येते. ती प्याल्याशिवाय कोणी जार बुडवत नाही. गेल्या रविवारी तिने यायला पाऊण तास लावला. रांगेतले पहिले सेक्रेटरी होते.

"काकू, जरा बोलवा ना तिला," ते हळूच म्हणाले.

"सूचना काढ," आनंदीबाई म्हणाल्या.

सदर हकीकत छापून आल्याचे निर्मलधाराच्या कमिटीला कळले आहे. वाचकांमुळे गैरसमज पसरू नये म्हणून कमिटीने पुढील प्रपत्र जोडण्यास सांगितले आहे. ते भरून घेतल्याशिवाय वाचन पूर्ण झाले, असे समजण्यात येणार नाही.

प्रपत्र म-२ (वाचकांसाठी)

*माझ्या घरी येणारे पाणी उत्कृष्ट आहे. हे मला (प्रमाणपत्रावरून / शेजाऱ्यांवरून / आजवर काही झाले नाही यावरून) माहीत आहे.*

*आमच्या टाकीचे झाकण शेवटचे उघडले तेव्हा मी स्वतः आत पाहिले होते : ..................*

*माझ्या घरी मांजर असल्यास तिच्या सुरक्षिततेसाठी दारे-खिडक्या बंद ठेवीन व पाहुण्यांसमोर तिला पाण्याजवळ येऊ देणार नाही.*

*ही गोष्ट वाचताना मी शेजारचा ग्लास उचलून नाकाशी (नेला / नेला नाही). लागू नसेल ते खोडावे. नेला असल्यास लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.*